पाऱ्याचे हात

“काटा काय, कुणाच्याही धक्क्यानं हलतो, पाइप धरून बघ, पाइपला खोटं बोलायची अक्कल नसते.”

हे तो बायकोला म्हणाला होता तेव्हा त्यांच्या लग्नाला चार महिने झाले होते. चढावर गाडी उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि ती पुढच्या सीटवर बसून तापमानाच्या काट्याकडे अशी बघत होती, जणू तो लाल रेघेला टेकला की संसारच पेट घेणार. त्यानं तिला खाली उतरवलं आणि तिचा हात एका जाड काळ्या रबरी पाइपवर टेकवला. तिनं तो झटकन मागे घेतला.

“भाजलं की.”

“मग झालं तर. पाणी फिरतंय. ज्या दिवशी हा गार लागेल त्या दिवशी घाबर.”

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. घाबरायचा दिवस येईल तेव्हा पाइप खरंच गार असेल आणि त्याच्या हाताला ते कळणार नाही, हे तेव्हा दोघांपैकी कुणाला सुचण्यासारखं नव्हतं.

सगळे त्याला पारा म्हणत. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे की माणूस तापट असणार. पण त्याचा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता. नाव पडलं होतं तळहातावरून. चालू इंजिनाच्या पाइपवर हात ठेवून तो आकडा सांगायचा, आणि तो दोन-चार अंशांपलीकडे चुकत नसे. “पारा आहे का?” असं विचारत कुणी आलं की शेजारच्या टायरवाल्याचं उत्तर ठरलेलं असे: “आहे, पण आत्ता खाली आहे.” मग एखाद्या गाडीखाली दोन पाय हलत.

ही विद्या थोरल्या भावाची. गॅरेज मूळ त्याचंच. धाकट्याला त्यानं मिसरूड फुटायच्या आत कामाला लावलं होतं. दादाचा नियम एकच: आधी हात, मग पाना. गाडी आली की एकानं इंजिनावर वाकून प्रत्येक पाइप धरायचा आणि मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं स्टिअरिंगमागे बसून ऐकायचं. “वरचा गरम.” “खालचा कोमट.” सांगणं पुरं होईस्तोवर हत्याराला शिवायचं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते आवाज एखाद्या प्रार्थनेसारखे वाटत. जावयानं लांबून तापमान मोजायची बंदूक भेट दिली, तेव्हा पाऱ्यानं ती खोक्यासकट खिळ्याला टांगली. “घोडा दाबायचा आणि आकडा वाचायचा,” तो म्हणाला, “मग मी कशाला हवा?”

घरी त्याची बायको शिवणकाम करायची. तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो तिच्या सतरंजीवर येऊन बसला, काहीबाही बोलला, मग उजव्या हातावर भार देऊन उठला आणि पाणी मागितलं. तिनं मान वर केली. त्याच्या तळहातात सुई होती. अर्धीअधिक आत गेलेली, आणि नेढ्यातून वीतभर पांढरा दोरा लोंबत होता. तो तसाच तांब्याकडे हात पुढे करून उभा होता.

तिनं उठून सुई ओढून काढली. मागोमाग रक्ताचा थेंब आला. त्यानं आधी थेंबाकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे.

“कुठे होती?”

“सतरंजीवर.”

“जपून ठेवत जा.”

बोलणं एवढंच झालं. त्यानंतर तिनं सुया डबीत ठेवायला सुरुवात केली आणि डोळे त्याच्यावर. कढत चहा तो न फुंकता पिऊ लागला होता. शर्टाची बटणं बघून बघून लावत होता. एकदा मनगटाखाली मोठा फोड दिसला, “हे कधी?” विचारल्यावर त्यानं तो दुसऱ्याचा हात असावा तसा उलटसुलट करून पाहिला. साखरेचं दुखणं दोघा भावांना सारखंच. थोरल्याच्या मूत्रपिंडांत ते घर करून बसलं, धाकट्याच्या बोटांत. फरक इतकाच की थोरल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

दादाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दवाखाना घाटापलीकडे, गाडीनं सव्वा तास. दादा म्हणायचा, “माझा ऑइल फिल्टर गेलाय. आणि कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, पार्ट मिळत नाही.” ऐकणारा हसायचा आणि मग आपण का हसलो म्हणून ओशाळायचा. गाडी दादाची बायको, थोरली जाऊ, चालवायची. पहाटेची एक बस होती, पण तिच्या पायऱ्या दादाला चढवत नव्हत्या. एका टॅक्सीत त्याला उलटी झाली, तेव्हापासून बाकीच्या टॅक्सीवाल्यांचेही फोन लागेनात.

तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीचा काटा घाटात लालपर्यंत गेला. पाऱ्यानं थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की आपोआप उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी ही छोटीशी झडप. त्यानं ती भांड्यात उकळून पाहिली. पाणी खदखदलं तरी ती दातखीळ बसल्यासारखी मिटलेली. नवी घातली, कूलंटचं पाणी भरलं, हवा काढली, झाकण लावलं. निदान बरोबर, काम चोख. दादानंही मान डोलावली.

पण पुढच्याच फेरीत काटा नाचायला लागला. आता तो चढून बसत नव्हता; लालपर्यंत जायचा, मिनिटाभरात मध्यावर यायचा, पुन्हा जायचा. पाऱ्यानं सेन्सर बदलला. काटा नाचतच राहिला. वायरी तपासल्या, पंखा तपासला, रेडिएटरचं झाकण बदललं. घाटात थोरली जाऊ गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायची, वीस मिनिटं थांबायची, दहा मिनिटं चालवायची, परत थांबायची. मागच्या सीटवर दादा डोळे मिटून पडलेला. या सोमवारी ते दीड तास उशिरा पोचले, तोवर मशीनवर दुसऱ्याला घेतलं होतं. दादाच्या वाट्याला चारऐवजी दोन तास आले. पाय सुजले, रात्रभर बसून श्वास घ्यावा लागला. निघतानाच डॉक्टरांनी जावेला बाहेर नेऊन सांगितलं होतं: बुधवार पुरा व्हायलाच हवा, तो चुकवून शुक्रवार बघू म्हणाल तर मी काही सांगू शकत नाही.

सोमवारी संध्याकाळी पारा घरी आला तो थेट न्हाणीत गेला. बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झाले होते. गरम पाण्याचा नळ त्यानं पूर्ण सोडला होता. तिनं टॉवेल पुढे केला.

“हेड गॅसकेट गेलंय,” तो म्हणाला. “दुसरं काही उरलंच नाही.”

तिला शब्द माहीत होता. एकतीस वर्षांत जेवताना जे जे ऐकलं त्यातलं निम्मं तरी डोक्यात राहतंच. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला पत्रा. तो फाटला की आतला जाळ पाण्यात शिरतो.

“म्हणजे इंजिन उघडायचं?”

“उद्या दुपारी. पार्ट येईपर्यंत, घासून येईपर्यंत... आठ-दहा दिवस.”

“आणि परवा? दादांना कशात नेणार?”

तो टॉवेलनं हात पुसत राहिला, हात कोरडे झाल्यावरसुद्धा.

मंगळवारी दुपारी थोरली जाऊ शर्ट घेऊन आली. दादाच्या शर्टांच्या डाव्या बाह्या खांद्यापासून उसवून तिथे टिचबटणं लावायची होती, म्हणजे मशीनची सुई टोचताना शर्ट काढावा लागणार नाही. जाऊ सतरंजीवर बसली आणि बाही हातात धरून तशीच राहिली.

“शिवून तर ठेव,” ती म्हणाली. “जायचं कसं ते नंतर बघू. सकाळीच गाडी नेऊन सोडली. हेही बरोबर गेलेत, इंजिन माझ्यादेखत उघडा म्हणून. बसवत नाही तरी बसलेत खुर्चीत.”

“ताई, काहीतरी निघेल.”

“काय निघेल? तीन आठवडे निघतंयच काहीतरी.” मग तिलाच आपला सूर टोचला असावा. “भावजींना नाही गं बोलत मी. जिवाचं रान करतायत. म्हणून तर बारीकसारीक सांगत नाही त्यांना. आता काल उतारावर यांना हुडहुडी भरली, मी हीटर पूर्ण लावला, तर नुसता गार वारा. तोही गेला बहुतेक. पण इंजिन जायच्या वेळी हीटरचं काय रडायचं?”

पाऱ्याच्या बायकोच्या हातातली कात्री थांबली.

“इंजिन तेव्हा गरम होतं?”

“काटा लालला होता. गरम नसेल तर काय?”

हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नव्हे. इंजिनाचंच गरम पाणी दोन बारीक पाइपांतून गाडीच्या आत येतं आणि जातं. त्यावरून वारा सोडला की तो ऊन लागतो. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे पाणी तिथवर पोचतच नाही. जेवताना पारा म्हणायचा, “हीटर गार म्हणजे गाडीच्या पोटात वारा धरलाय. ढेकर आली की बरी होते.” नवं पाणी भरताना हवेचा बुडबुडा आत अडकला की असं होतं. म्हणूनच पाणी भरल्यावर त्या दोन पाइपांवर हात ठेवायचा, दोन्ही चटका देईपर्यंत झाकण लावायचं नाही. ते पाइप असतात इंजिनाच्या पाठीमागे, अडचणीत. नजर जात नाही, फक्त हात जातो.

तिला कळलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं त्या पाइपांवर हात ठेवला असणार, दोन्ही गरम म्हणाला असणार आणि झाकण लावलं असणार.

गॅरेज तीन गल्ल्या पलीकडे होतं. जावेला “आलेच” म्हणून ती निघाली, तेव्हा उसवून काढलेली बाही तिच्याच हातात राहिली होती, हे तिला टायरवाल्याच्या दुकानाशी कळलं. तिनं ती खांद्यावर टाकली. आत जाऊन काय बोलायचं याचा विचार ती वाटभर करत होती आणि प्रत्येक वाक्य त्याच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं निघत होतं. न बोलावं, तर ती सुरी दादाच्या मानेवर.

गॅरेजात दादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, सुजलेले पाय एका टायरवर ठेवून. पारा पाने मांडत होता. कोपऱ्यात चिंध्यांच्या ढिगामागे तिला जावयाची बंदूक दिसली. खोकं उघडलेलं होतं. म्हणजे कुणी नसताना तो बंदुकीनं मोजत होता.

“तेल दुधाळ झालंय?” दादा विचारत होता.

“नाही.”

“धूर पांढरा?”

“नाही.”

“पाण्याला जळका वास?”

“नाही.”

“मग गॅसकेट कशावरून?”

“टाकीत बुडबुडे येतायत, दादा. आणि बाकी सगळं बदलून झालं.”

“बाकी सगळं झालं हे काय निदान झालं होय?” दादाला धाप लागली. तो थांबला. “इंजिन चालू कर. हीटर पूर्ण सोड. आधी हात, मग पाना. सांग मला सगळं.”

पाऱ्यानं इंजिन चालू केलं. दोघं भाऊ ते तापायची वाट बघत राहिले. तीही दाराशी उभी राहिली. तिच्याकडे दोघांनी पाहिलं, पण विचारलं नाही. मग पारा वाकला.

“वरचा गरम.” त्यानं हात हलवला. “खालचा गरम.”

“हीटरचे?”

त्याचा हात इंजिनाच्या मागे गेला, खांद्यापर्यंत. त्याचा चेहरा तिच्या बाजूला होता. असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. अंधारात दाराची कडी शोधणाऱ्या माणसाचा.

“दोन्ही गरम,” तो म्हणाला.

दादानं डोळे मिटले. “मग उघड.”

पाऱ्यानं इंजिन बंद करायला चावीकडे हात नेला.

“थांबा हो,” ती म्हणाली.

तिनं बांगड्या वर सारल्या, बाही पदरात खोचली आणि त्याच्या शेजारी वाकली. त्या फटीत तिचा हात सहज गेला. पहिल्या पाइपानं तो चटका दिला, जो तिला एकतीस वर्षांपूर्वीचा आठवत होता. दुसरा पाइप तिनं धरला. धरून ठेवला. तो धरवत होता.

“एक भाजतोय,” ती इंजिनाकडे बघूनच म्हणाली. “दुसरा माझ्या हाताला गार लागतोय.”

तो तिच्या इतका जवळ होता की त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता, आणि मध्ये काही वेळ आला नाही.

“ताई म्हणत होत्या, हीटर गार वारा टाकतोय,” ती पुढे म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. “सुईणीचे हात थंडच असतात, माझा अंदाज चुकतही असेल.”

“सुईणीचे नव्हे, शिंपिणीचे,” दादा म्हणाला. पण तो हसत नव्हता. तो भावाकडे बघत होता. मग म्हणाला, “हवा आहे रे. नुसती हवा. गाडी बाहेर काढ, तोंड चढाकडे कर.”

गॅरेजासमोरच्या उतारावर गाडी तोंड वर करून उभी राहिली. हवा वर चढते, तिला वाट द्यायची. इंजिन गार होऊ दिलं, झाकण उघडलं, परत चालू केलं. पारा कूलंटचा डबा घेऊन उभा राहिला. हवा सोडायचा बारीक स्क्रू त्यानं ढिला केला; तो दोनदा बोटांतून निसटला, तिसऱ्यांदा त्यानं बोटांकडे बघत फिरवला. दादा खुर्ची ओढवून घेऊन स्टिअरिंगच्या दाराशी बसला.

“सूनबाई, तू धर,” तो म्हणाला. एरवी तो तिला नावानं हाक मारायचा. “आणि मोठ्यानं बोल.”

“एक गरम. एक गार.”

पाऱ्यानं वरचा जाड पाइप मुठीत दाबला, सोडला, दाबला. टाकीत बुडबुडे आले. पाणी खाली गेलं. त्यानं भर घातली.

“एक गरम. एक गार.”

टायरवाला येऊन बघून गेला. ती वाकून वाकून कंबरेत मोडली होती. मग टाकीतून एक मोठा, ओंगळ, माणसासारखा आवाज आला, पाणी वीतभर खाली बसलं आणि तिच्या मुठीतला पाइप एकदम फुगल्यासारखा झाला.

“कोमट,” ती म्हणाली. “कोमट. थांबा. गरम. गरम झाला. दोन्ही गरम.” तिनं हात ओढून घेतला. तळवा लाल झाला होता.

गाडीच्या आतून ऊन वारा येऊ लागला. दादानं उघड्या दारातून आत हात धरला आणि तसाच ठेवला. काटा मध्यावर आला, पंखा एकदा लागला, बंद झाला, परत लागला. काटा जागचा हलला नाही. अर्धा तास तिघं त्याच्याकडे बघत होते. बुधवारची फेरी आता चुकणार नव्हती, पण कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

पाऱ्यानं झाकण लावलं. फिरवताना कट्ट आवाज येतो तो त्यानं कान देऊन ऐकला.

“कधीपासून?” दादानं विचारलं.

तो पाने गोळा करू लागला.

“मी विचारतोय, कधीपासून? माझी गाडी सोड. बाकीच्या लोकांच्या गाड्या आहेत. ब्रेक आहेत त्यांत.”

पाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“इकडे ये. हात दाखव,” दादा म्हणाला. आवाज तोच होता, चाळीस वर्षांपूर्वी हातात पहिला पाना देतानाचा. पारा आला आणि त्यानं खुर्चीपुढे उकिडवं बसून दोन्ही तळवे वर केले. “डोळे मीट.”

त्यानं मिटले.

दादानं तिच्या पदरात खोचलेल्या बाहीकडे बोट केलं. कापडात तिची सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. तिला ती काढून द्यावी लागली. दादानं ती भावाच्या अंगठ्याच्या टोकाला टेकवली. मग पहिल्या बोटाला. मग तळहाताच्या मध्यावर, जरा दाबून.

“लागलं?”

पारा डोळे मिटून मन लावून वाट बघत होता. शाळेत उत्तर द्यायला उभं राहिलेल्या मुलासारखा.

“लाव तर खरं,” तो म्हणाला.

दादानं सुई तिच्याकडे परत दिली. त्याला ती नीट धरता येत नव्हती. ती कुणाकडे बघावं हे न कळून काट्याकडे बघत राहिली. तो मध्यावर होता, नवीन गाडीसारखा.

पाऱ्यानं डोळे उघडले. भावाच्या तोंडाकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. उठला. चिंधी घेऊन त्यानं एकेक बोट पुसलं, सगळी दहा, काही घाई नसल्यासारखं. चिंधी दोरीवर टाकली. गॅरेजाची किल्ली खिशातून काढायला त्याला वेळ लागला. ती खिशात आहे हे त्याला वरून चाचपून, खुळखुळ ऐकून कळलं. ती त्यानं दादाच्या मांडीवर ठेवली.

“अहो,” ती म्हणाली.

बाहेर टायरवाला स्टुलावर बसला होता. “काय पारा, आज वर?” तो सवयीनं म्हणाला.

पारा त्याच्या समोरून गेला, उतारावर तोंड वर करून घरघरणाऱ्या गाडीच्या शेजारून गेला, आणि हात अंगापासून थोडे दूर, ओले असल्यासारखे धरून रस्त्याला लागला.